लस-संकोच (खानदेश)

लस-संकोच : लस मिळण्याची सोय असतानाही ती घ्यायला उशीर करणे किंवा ती नाकारणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यगटाची ही व्याख्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या, म्हणजे खानदेशाच्या, बाबतीत तीतील ‘सोय असतानाही’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत.

मराठीत ‘लस’ म्हणजे मुळात फोडातून किंवा जखमेतून पाझरणारा चिकट स्राव. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. त्यानंतर कित्येक दशके एका मुलाच्या दंडावरील फोडातून लस काढून ती दुसऱ्याच्या दंडात भरत. औषधाला स्रावाचे नाव पडले ते बहुधा यामुळे. ‘देवी काढणे’ (देवीची लस टोचणे) या वाक्प्रयोगाच्या मुळाशी दोन अर्थ संभवतात : फोडातून लस काढणे, किंवा अंगातली देवी मुद्दाम बाहेर आणणे. दुसऱ्या अर्थाला बंगालमधील टीकादारांच्या, म्हणजे देवी टोचणाऱ्यांच्या, प्रथेचा आधार देता येतो. हॉलवेल या इंग्रज वैद्याने १७६७ मध्ये वर्णिलेल्या त्या प्रथेत खऱ्या देवीचेच द्रव्य टोचत. प्रस्तुत नोंदीत पहिला अर्थ ग्राह्य धरला आहे. गोस्तनदेवीची (गाईच्या देवीची) लस प्राचीन भारतात माहीत होती, असे सांगणारा धन्वंतरीच्या नावावरचा संस्कृत उतारा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुढे आला. तो गोस्तनदेवीची लस पुढे आणणाऱ्या इंग्रज डॉक्टर जेनरनंतर, लोकांनी लस स्वीकारावी म्हणूनच रचला गेला, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. तसे असेल, तर लस-संकोच दूर करण्याचा हा देशातील एक जुना प्रयत्न ठरतो.

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजी अमलाखाली आला. दंडावरून दंडावर लस नेण्याच्या पद्धतीत टोचलेले मूल साधारण आठव्या दिवशी परत आणावे लागे. त्याचा फोड फोडून पुढच्या मुलांसाठी लस घेत. आयांचा विरोध पुष्कळदा टोचण्यापेक्षा या दुसऱ्या खेपेला असे. शिवाय परजातीच्या मुलाचा स्राव आपल्या मुलाच्या अंगात जाणार, ही अढी होतीच. पुढे ‘देवी डॉक्टर’, म्हणजे लस टोचणारे, गावोगाव फिरू लागले. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला.

आजचे लसीकरणाचे प्रमाण मोजण्यासाठी जुनी रूढ पद्धत म्हणजे तीस समूहांची पाहणी : तीस गावे किंवा वस्त्या आणि प्रत्येकी सात मुले, वय १२ ते २३ महिने. गावाच्या मध्यावरून पहिले घर निवडून लगतची घरे घेत गेल्यास सातपुड्यात मोठी चूक होते. धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांत गाव म्हणजे डोंगरउतारांवर विखुरलेले पाडे. मोजणी मुख्य पाड्यातच संपते आणि लांबच्या पाड्यातले मूल यादीत येतच नाही. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात व होळीला परततात, त्यामुळे त्या दिवसांत दाराला कुलूप असते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस उसाच्या फडावरच चुकतात. लसीकरणाचे कार्ड हरवलेले असले, तर आईची आठवण आणि डाव्या दंडावरचा बीसीजीचा (क्षयाच्या लसीचा) व्रण एवढाच पुरावा उरतो.

खरा संकोचही आहेच. पंचगुणी (पाच रोगांवरच्या एकत्रित) लसीनंतर पोराला ताप येतो, मांडी सुजते, मूल रात्रभर रडते आणि दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते. आईची ही तक्रार खोटी नाही, तिला अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे. २०२१ मध्ये कोविड लसीने माणूस दगावतो, मूल होत नाही, अशा अफवा पसरल्या. त्याच वर्षी नर्मदाकाठच्या पाड्यांवर लस होडीने नेण्यात आली. भिली, पावरी वा अहिराणी बोलणाऱ्या आशाताईचे म्हणणे छापील पत्रकापेक्षा अधिक पटते.

‘पोहोचली नाही’ आणि ‘घेतली नाही’ हे दोन रकाने वेगळे ठेवल्याशिवाय खानदेशाचा कोणताही आकडा विश्वासार्ह मानू नये, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. गोवर-रुबेलाच्या लसीची अनेक मुलांना पुरणारी कुपी पाणी मिसळल्यावर चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. एकाच मुलासाठीही ती उघडावी, असे धोरण आहे. तरी चार मुले जमू देत, असे कोणी सांगते. मग डोंगर उतरून आलेली आई तशीच घरी जाते, आणि पाहणीच्या तक्त्यात तिच्या मुलापुढे ‘नकार’ लिहिले जाते.