दंतवैद्यांनी निवडलेलं दंतवैद्यांचं मंडळ

अमेरिकेत डॉक्टर, दंतवैद्य, न्हावी यांना परवाना देण्याचं काम त्या त्या राज्याचं मंडळ करतं. राज्यांच्या या अधिकारावर सर्वोच्च न्यायालयाने 1889 मध्ये ‘डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया’ खटल्यात शिक्कामोर्तब केलं. (डेंट हे आरोपीचं आडनाव. दातांशी त्याचा संबंध नव्हता; तो परवान्याविना वैद्यकी करत होता.) मंडळावर कोण बसणार, हे मात्र राज्यागणिक बदलतं. बहुतेक ठिकाणी गव्हर्नर नेमणूक करतात आणि पुष्कळदा राज्याच्या सिनेटची, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाची, संमती लागते. बहुसंख्य जागा त्याच व्यवसायातल्या लोकांना असतात.

नॉर्थ कॅरोलिनाच्या दंत मंडळाची तऱ्हा वेगळी. सदस्य आठ. सहा दंतवैद्य, त्यांना राज्यातले परवानाधारक दंतवैद्य मतदानाने निवडतात. एक दंत-आरोग्य सहायक, त्याला सहायकच निवडतात. गव्हर्नर नेमतात तो एकच, ग्राहकांचा प्रतिनिधी. वरवर पाहता यापेक्षा लोकशाही पद्धत ती कोणती? पण मतदार कोण आणि नियम कोणावर चालणार, हे दोन प्रश्न शेजारी ठेवले की खोच कळते.

2003च्या सुमारास मॉलमधल्या गाळ्यांत आणि सलूनमध्ये दात पांढरे करून मिळू लागले, तेही दवाखान्यापेक्षा स्वस्तात. दंतवैद्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. रुग्णाला इजा झाल्याचं त्यांत क्वचितच होतं, स्वस्त दराचं दुखणं जास्त. 2006पासून मंडळाने ‘काम थांबवा’ अशी किमान 47 पत्रं धाडली. मॉलच्या मालकांनाही लिहिलं. गाळे उठले. त्या काळात मंडळावर येऊन-जाऊन बसलेल्या एकूण दहा सदस्यांपैकी आठ जण स्वतः दात पांढरे करून चांगली फी घेत होते.

2010 मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने मंडळावर स्पर्धा दडपल्याचा ठपका ठेवला. आम्ही राज्याचंच अंग, आम्हाला स्पर्धेचा कायदा लागू नाही, असं मंडळाचं म्हणणं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सुनावणीत तिथले न्यायमूर्ती ब्रेयर यांनी काढलेली शंका रास्त होती: मेंदूची शस्त्रक्रिया कोणी करावी हे मेंदूच्या शल्यचिकित्सकांऐवजी कारकुनांनी ठरवायचं का? तरीही 25 फेब्रुवारी 2015च्या निकालात ते बहुमताबरोबरच राहिले. सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल मंडळाविरुद्ध गेला. न्यायमूर्ती केनेडींनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा की, मंडळाची सूत्रं त्याच धंद्यात असलेल्यांच्या हाती असतील तर राज्याची प्रत्यक्ष देखरेख हवी. नुसता सरकारी शिक्का पुरत नाही.

निवडणूक बंद करा, असं न्यायालयाने कुठेच म्हटलं नाही. राज्यांनीही नेमणुकीच्या पद्धतीला हात घालण्याऐवजी देखरेखीची सोय पाहिली. ओक्लाहोमाच्या गव्हर्नरनी त्याच वर्षी आदेश काढून मंडळांचे असे निर्णय ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या, नजरेखालून जातील अशी व्यवस्था केली.