धूर थांबला, आता सिगडी आत घ्यायची?

डिसेंबर-जानेवारीत विदर्भात पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. वणी, घुग्घुस, बल्लारपूर, उमरेड अशा खाणपट्ट्यात मग अंगणात कोळशाच्या सिगड्या पेटतात. आधी डोळ्यांत झोंबणारा पिवळट धूर. कोळसा लाल झाला, धूर थांबला, की सिगडी घरात येते. खरा धोका तिथूनच सुरू होतो.

धूर निदान नाकाला कळतो, माणूस उठून दार उघडतो. निखाऱ्यांचं तसं नाही. जाळीखालून शिरलेल्या हवेत तळचा कोळसा जळतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वरच्या लालबुंद थरातून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. निखाऱ्यांवर दिसणारी निळी ज्योत म्हणजे हाच वायू जळतो आहे. रात्रभर ऊब राहावी म्हणून आपण वर राख पसरतो. ज्योत विझते, वायू मात्र तयार होतच राहतो आणि न जळता खोलीत पसरतो.

त्याला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा तो किंचित हलकाच, त्यामुळे खाटेवर झोपलं काय नि खाली झोपलं काय, सारखंच. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं. झोपेत तेही कळत नाही.

बाळंतिणीच्या खाटेखाली सिगडी ठेवायची रीत म्हणूनच सोडायला हवी. बाळाचा श्वास जलद, त्याला विषबाधा लवकर होते. खिडकीच्या फटीवर भरवसा नको. अंगणात पाणी तापवा, रबरी पिशवीनं शेका.

विझवायला पाणी ओतू नका. वाफेसोबत गरम राख अंगावर उडते. सिगडी उघड्यावर राहू द्या. राखेत सकाळीही विस्तव असतो, ती पऱ्हाटीच्या किंवा कुटाराच्या ढिगाजवळ टाकू नका.

कुणी गुंगलेलं दिसलं तर आधी मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन लावा. कोरोनात घेतलेल्या ऑक्सिमीटरवर 98 दिसलं तरी निर्धास्त होऊ नका. मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्या यंत्राला ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. खोलीत सिगडी होती, हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. साध्या हवेत रक्तातलं हे विष निम्मं व्हायला 4-5 तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास.