बेअरिंग बदलल्यावर इंजिन किती टिकेल?

इंजिन उघडायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो. फोनवर येतो, एस्टिमेट हातात घेताना येतो, गाडी परत नेताना पुन्हा एकदा येतो. म्हणून उत्तर लिहून काढलं आहे.

क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, शाबूत असेल आणि काम मोजमाप घेऊन झालं असेल, तर बाकीचं इंजिन जितकं चालेल तितकी नवी बेअरिंगही चालतात. पण क्रँक शाबूत आहे की नाही, हे गाडी आमच्या दारात येण्याआधीच ठरलेलं असतं. ऑइलचा लाल दिवा लागल्यापासून तुम्ही चावी बंद करेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढ्यात.

ही बेअरिंग म्हणजे चाकातली छर्ऱ्यांची बेअरिंग नव्हेत. क्रँकला दोन बाजूंनी धरणाऱ्या या अर्धगोल पट्ट्या असतात. पाठ पोलादाची, आतून तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियम आणि कथलाच्या मऊ मिश्रधातूचा थर. क्रँक आणि पट्टी यांच्यात मोकळी जागा साधारण ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर. तेवढ्या फटीत पंप दाबाने ऑइल भरतो आणि क्रँक त्या ऑइलवर तरंगत फिरतो. दाब गेला की धातूला धातू लागतो. आधी मऊ थर झिजतो. क्रँक वाचावा म्हणूनच तो मऊ ठेवलेला असतो. गाडी तिथेच थांबली तर बहुतेक वेळा पट्ट्यांवर भागतं. पुढे चालवली तर क्रँकवर ओरखडे येतात, क्रँक तापून निळा पडतो, पट्टी जागेवरून फिरते आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉडही जातो.

आमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. ‘दिवा लागला होता, पण गॅरेज जवळच होतं म्हणून घेऊन आलो,’ असं आम्ही दर महिन्याला ऐकतो. हा दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो चालत्या गाडीत लागला, म्हणजे दाब जवळजवळ संपलेला आहे. कात्रजहून स्वारगेटपर्यंत सहा किलोमीटर धरा. ट्रॅफिकमधून पंधरा मिनिटं लागली आणि इंजिनचे मिनिटाला फक्त १५०० फेरे झाले, तरी क्रँक बावीस हजारांहून जास्त वेळा अपुऱ्या ऑइलवर घासला. दोन दिवसांचं काम आठ दिवसांचं होतं ते असं.

गेल्या पावसाळ्यात एकाच मॉडेलच्या दोन गाड्या आमच्याकडे एका आठवड्यात आल्या. दोन्हींचं चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, खड्ड्यात दगडावर आपटून फुटलेलं. एका ताईंनी दिवे घाटात दिवा दिसताच गाडी कडेला घेऊन बंद केली आणि आम्हाला फोन केला. चेंबर बदललं, बेअरिंग तपासून नवी टाकली, क्रँक मापात होता. दुसरी गाडी सिंहगड रोडवरून टकटक वाजत स्वतःच्या चाकांवर आली. तिचा क्रँक तर गेलाच, दोन रॉडही बदलावे लागले.

म्हणून विनंती: दिवा लागला किंवा खालून जड टकटक सुरू झाली, तर सुरक्षित जागी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि पुन्हा स्टार्ट मारून बघू नका. टोचन लावून किंवा गाडी उचलून आणायची सोय आम्ही करतो. तो खर्च क्रँकपुढे काहीच नाही. आवाज दाबायला जाड ऑइलही टाकू नका. आवाज कमी होतो, झीज होत राहते आणि दोष शोधायला आम्हाला दुप्पट वेळ लागतो.

‘बाहेर खालून चेंबर काढून एका दिवसात बेअरिंग टाकून देतात, तुम्ही इंजिन का उतरवता?’ असंही विचारलं जातं. रॉडची बेअरिंग खालून बदलता येतात आणि झीज साधी असेल तिथे आम्हीही तसंच करतो. पण टकटक वाजलेल्या इंजिनाचा क्रँक बाहेर काढून मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय आम्ही नवी पट्टी बसवत नाही. लंबगोल झालेल्या क्रँकवर नवी बेअरिंग फार टिकत नाहीत. ओरखडे असतील तर क्रँक ग्राइंडिंगला जातो आणि ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइजची, म्हणजे घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणारी, बेअरिंग लागतात. काही नव्या इंजिनांना कंपनी ग्राइंडिंगची परवानगी देत नाही, तिथे क्रँकच नवा घ्यावा लागतो. शिवाय आधीच्या झिजेचा चुरा ऑइलच्या वाटांत, पंपात आणि ऑइल कूलरमध्ये बसलेला असतो. तो निघाला नाही तर नव्या पट्टीत रुततो. बिलात ‘सफाई’ म्हणून जी रक्कम दिसते ती याची. ती कमी करा म्हणू नका, बाकी बोलू.

गाडी नेल्यावर ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलायला या. फिल्टर तुमच्यासमोर कापून आत धातूचा चुरा आहे का ते दाखवतो. तपासणीचे पैसे घेत नाही, फक्त ऑइल आणि फिल्टरचे. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच. बेअरिंगला वेगळं रनिंग-इन, म्हणजे सुरुवातीला जपून चालवून रुळवणं, लागत नाही, पिस्टनच्या रिंगा बदलल्या असतील तर लागतं. ते बिलावर लिहून देतो. थंड इंजिनाला रेस देऊ नका आणि घाटात वरच्या गिअरमध्ये इंजिन दाबून ओढू नका. कमी फेऱ्यांवर जास्त ओझं पडलं की ऑइलचा थर सगळ्यात पातळ होतो. खंबाटकी चढताना गाडी थरथरली की लगेच खालचा गिअर टाका.

जुन्या पट्ट्या आम्ही पिशवीत घालून परत देतो. मागच्या कामाची बिलं असतील तर येताना घेऊन या. गाडी उचलायचा नंबर मागच्या पानावर आहे, तो आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.