लुई चौदाव्याचा छोटा घोडा आणि उरलेला डावा पाय

पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये फ्रान्सचा राजा लुई चौदावा ह्याचा एक ब्राँझचा घोडेस्वार पुतळा आहे, उंची जेमतेम मीटरभर, घाईत असलेला माणूस बघून न बघितल्यासारखं करून पुढे जाईल असा. शिल्पकार फ्रांस्वा जिरार्दों. ह्या पुतळ्याचा मोठा भाऊ, सुमारे 7 मीटर उंचीचा, एकेकाळी शहरातल्या चौकात उभा होता आणि तो आता नाहीये, त्यामुळे जुनी चित्रं सोडली तर तो कसा दिसायचा ते कळायला असे छोटे ब्राँझच उरलेत.

1685 च्या सुमारास राजाचा मंत्री लूव्वा ह्याच्या डोक्यात राजाच्या नावाचा मोठा चौक करायचं आलं, आज त्यालाच प्लास व्हाँदोम म्हणतात. मधोमध पुतळा हवाच. जिरार्दोंने नमुना घेतला रोमच्या मार्कस ऑरेलियसचा, म्हणजे अंगावर रोमन चिलखत, पायात सँडल, रिकीब नाही, आणि डोक्यावर मात्र दरबारातला तो कुरळ्या केसांचा भलामोठा विग! मला तर हे कॉम्बिनेशन बघून हसूच येतं, पण तेव्हा कुणाला त्यात काही खटकलं नसावं.

खरी कमाल ओतकामाची. एवढे मोठे पुतळे तुकड्यातुकड्यात ओतून जोडायची पद्धत होती, इथे अख्खा घोडा आणि राजा एकाच दमात ओतायचा ठरलं. आधी पूर्ण आकाराचं मेणाचं मॉडेल, त्यावर साचा, मग आच देऊन मेण बाहेर काढायचं आणि त्या पोकळीत वितळलेलं ब्राँझ सोडायचं, मध्येच कुठे धातू थिजला की सगळी मेहनत पाण्यात. हे केलं बाल्थाझार केलरने, जो मुळात राजासाठी तोफा ओतणारा माणूस. 1692 साली ते जमलं, आणि ते इतकं गाजलं की त्यावर 1743 मध्ये बोफ्राँ नावाच्या आर्किटेक्टने चित्रांसकट पुस्तकच काढलं.

पण पुतळा तयार आणि चौकच अर्धवट! लूव्वा 1691 लाच वारला होता, युद्धामुळे पैशाची बोंब, त्यामुळे उभारणी थेट ऑगस्ट 1699 मध्ये झाली. पुढे जिरार्दों गेला 1 सप्टेंबर 1715 ला आणि राजाही त्याच दिवशी, असला योगायोग कुणी गोष्टीत लिहिला असता तर पटला नसता.

ऑगस्ट 1792 मध्ये फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत लोकांनी तो मोठा पुतळा पाडला. लियाँ, रेन, दिजाँ, माँपेलिए ह्या शहरांतल्या लुईच्या पुतळ्यांचंही तेच झालं, कारण ब्राँझचे पुतळे वितळवून तोफा करा असा हुकूमच निघाला होता. पुढे नेपोलियनने त्याच जागी शत्रूच्या जिंकलेल्या तोफांच्या ब्राँझने मढवलेला खांब उभा केला, तोही 1871 मध्ये पाडला गेला आणि परत उभारला, पण ती वेगळी कथा.

छोटे ब्राँझ चौकात नव्हते म्हणून वाचले. आणि मोठ्या पुतळ्याचा वाचला तो डावा पाय, सँडलसकट, तोही लूव्रच्याच संग्रहात.