रामसे ब्रदर्स आणि तुलसी-श्याम: एकच नव्हेत

'वीराना' कुणाचा सिनेमा, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: रामसे ब्रदर्सचा. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. 'रामसे ब्रदर्स' हे भयपट काढणाऱ्या सात भावांच्या घरच्या धंद्याचं नाव. 'वीराना'चं (1988) दिग्दर्शन त्यातल्या दोघांचं, तुलसी आणि श्याम यांचं. लेखांत, व्हिडिओंत, अगदी मृत्युलेखांतही ही दोन नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. मग कुणाचा सिनेमा, कुणाचं वय, कुणाची मुलगी, सगळीकडे ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर.

आधी घर बघू. वडील फतेहचंद उत्तमचंद रामसिंघानी, पडद्यावर एफ. यू. रामसे. मूळचं सिंधी कुटुंब, फाळणीपूर्वी रेडिओचं दुकान. गोऱ्या गिऱ्हाइकांना 'रामसिंघानी' म्हणता येईना म्हणून त्याचं 'रामसे' झालं, अशी घरची गोष्ट आहे. फाळणीनंतर बिऱ्हाड मुंबईत आलं. मुलगे सात: कुमार, गंगू, केशू, तुलसी, किरण, श्याम आणि अर्जुन. सातही जण सिनेमात आले आणि कामं वाटून घेतली. कुमारकडे लेखन, गंगूंकडे कॅमेरा, किरणकडे ध्वनी, अर्जुनकडे संकलन. केशू छायाचित्रणात आणि निर्मितीत. दिग्दर्शनाच्या खुर्चीत तुलसी आणि श्याम. 1972 च्या 'दो गज जमीन के नीचे'साठी हे सगळं खटलं महाबळेश्वरला गेलं होतं. नटमंडळी, तंत्रज्ञ आणि घरची माणसं एकत्र मुक्कामाला, स्वयंपाकही घरच्या बायकांच्या हातचा. सेट नाही, भाड्याचा मोठा फौजफाटा नाही. धंदा घरचाच असल्यामुळे 'ब्रदर्स' हे नाव पुढे झालं आणि त्यामागे कोण काय करत होतं ते झाकलं गेलं.

म्हणून 'रामसे ब्रदर्स दिग्दर्शित' असं कुठे दिसलं की मी थबकतो. त्या हिशेबाने संकलन करणारे अर्जुनही दिग्दर्शक ठरतात. 'दरवाजा' (1978), 'पुराना मंदिर' (1984), 'वीराना', 'बंद दरवाजा' (1990) या गाजलेल्या भयपटांवर दिग्दर्शक म्हणून तुलसी आणि श्याम अशी दोन नावं आहेत, सात नाहीत. उलट बाजूही आहे. दिग्दर्शक रामसे म्हटल्यावर तुलसी-श्यामच असतील असंही नाही. 'डाक बंगला' (1987) आणि ऋषी कपूर, नसीरुद्दीन शाह यांचा 'खोज' (1989) केशू रामसेंनी दिग्दर्शित केला. 'शैतानी इलाका' किरण रामसेंचा. हे तिन्ही सिनेमे तुलसी-श्यामच्या यादीत घुसडलेले आढळतात, कारण आडनाव एकच.

केशूंची वाट तर पुढे अगदीच वेगळी झाली. अक्षय कुमारचे 'सबसे बड़ा खिलाड़ी' (1995), 'खिलाड़ियों का खिलाड़ी' (1996), 'मिस्टर अँड मिसेस खिलाड़ी' (1997) हे त्यांनी निर्माण केलेले. तुलसी-श्यामचा त्याच्याशी संबंध नाही. आणि उत्साहाच्या भरात 1992 चा पहिला 'खिलाड़ी'ही केशूंच्या नावावर चढवू नका. तो अब्बास-मस्तान यांनी दिग्दर्शित केला आणि तो रामसेंच्या घरातला नाही.

आता तुलसी आणि श्याम. दिग्दर्शक म्हणून ही दोन नावं इतकी जोडून येतात की एकाच्या तोंडचं दुसऱ्याच्या तोंडी सहज घातलं जातं. तुलसी 1944 चे, श्याम 1952 चे. म्हणजे 'दो गज'च्या वेळी थोरला ऐन तिशीच्या अलीकडे आणि धाकटा विशीत नुकता पाय टाकलेला. तुलसी 13 डिसेंबर 2018 ला गेले, श्याम 18 सप्टेंबर 2019 ला. वर्ष उलटायच्या आत दोघंही गेल्यामुळे दोघांचे मृत्युलेख जवळजवळ एकाच साच्यातून निघाले, आणि पुढे त्यातूनच मजकूर उचलणाऱ्यांनी तारखांची खिचडी केली. झी टीव्हीवर 1993 मध्ये सुरू झालेला 'झी हॉरर शो' दोघांच्या खात्यावर आहे. पण 'धुंद' (2003) किंवा 'नेबर्स' (2014) एकट्या श्यामचे. तिथे सवयीने 'तुलसी-श्याम' लिहिलं की चुकलंच.

जोडीच्या सिनेमांत मात्र एक मोह टाळावा. अमुक प्रसंग श्यामच्या डोक्यातला, तमुक व्यवस्था तुलसींची, अशी वाटणी छातीठोकपणे करणारे पुष्कळ भेटतात. पडद्यावर श्रेय जोडीने दिलं आहे ना, मग चरित्रातही जोडीनेच द्यावं. कुणा सहकाऱ्याने मुलाखतीत काही वेगळं सांगितलं असेल तर ते त्याच्या नावानिशी लिहावं, आपल्या नावावर खपवू नये.

भावांचा क्रम हा आणखी एक चकवा. बऱ्याच ठिकाणी सात नावं 'कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू, अर्जुन' अशी येतात, आणि वाचणारा ती थोरल्यापासून धाकट्यापर्यंत धरून चालतो. आकडे मांडून बघा. गंगू रामसे एप्रिल 2024 मध्ये 83 व्या वर्षी गेले, म्हणजे जन्म 1940-41 च्या आसपासचा. तुलसी 1944 चे. यादीत सहावे दिसणारे गंगू तिसऱ्या तुलसींहून थोरले निघाले, श्यामहून तर अकरा-बारा वर्षांनी. सिनेमावेड्या घरातला 'धाकटा कॅमेरामन भाऊ' असं त्यांच्याबद्दल लिहिलेलं दिसलं तर समजावं की लेखकाने यादी वाचली, वय मोजलं नाही.

वडिलांच्या बाबतीतही असाच घोळ आहे, आणि तो आपल्या मराठी वाचकांनी तरी करू नये. रामसेंची कारकीर्द भुतांपासून सुरू झाली असं समजलं जातं. प्रत्यक्षात एफ. यू. रामसे त्याआधीच निर्माते होते. 1963 चा 'रुस्तम सोहराब' त्यांचाच: पृथ्वीराज कपूर, सुरैया, सज्जाद हुसेन यांचं संगीत. सुरैयाचा हा शेवटचा चित्रपट. आणि दिग्दर्शक? विश्राम बेडेकर. होय, 'रणांगण'कार बेडेकरच. 1970 चा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' हाही याच दोघांचा, निर्माते रामसे आणि दिग्दर्शक बेडेकर. तो पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा आणि अवजड पोशाख चढवून संग्रहालयात चोरी करतात, त्या एका प्रसंगाला थिएटरात लोक दचकत होते. प्रेक्षकांत बसून तुलसी आणि श्यामनी ते पाहिलं आणि अख्खा सिनेमाच असा का करू नये, असं वडिलांना पटवलं, असं ही मंडळी सांगत आली. म्हणजे हिंदीतल्या या भूतबंगल्याची पायाभरणी, नकळत का होईना, एका मराठी कादंबरीकाराच्या पडलेल्या सिनेमात झाली. एवढी मजेची गोष्ट असूनही रामसेंच्या माहितीत बेडेकर अनेकदा सापडत नाहीत, आणि बेडेकरांच्या माहितीत रामसे. 1963 आणि 1970 च्या या दोन सिनेमांपुढे 'दिग्दर्शक: रामसे' असं लिहिलेलं दिसलं तर ते सरळ खोडावं.

मग पडताळायचं कशावर? सिनेमाच्या सुरुवातीला काही सेकंद दिसणारं सेन्सॉरचं प्रमाणपत्र थांबवून वाचा. 'ए' आहे की 'यूए' एवढं बघून आपण पुढे जातो, पण त्यावर तारीख असते, लांबी असते, अर्जदार आणि निर्माता असतो. निर्माता कोणता रामसे, हे तिथे कळतं. दिग्दर्शकासाठी नामावलीच्या शेवटच्या पाटीपर्यंत थांबावं लागतं, कारण आपल्याकडे दिग्दर्शकाचं नाव सगळ्यात शेवटी येतं. पोस्टरवर विसंबू नये. पोस्टर धंद्याचं नाव विकतं, मोठ्या अक्षरात. प्रमाणपत्राची तारीख आणि प्रदर्शनाची तारीख यांतही अंतर पडतं. रामसेंच्या 'महाकाल'चं साल कुठे 1993, कुठे 1994 दिसतं. अशा वेळी आपण कोणती तारीख धरतोय ते सांगून टाकलं की वाद राहत नाही.

नावांची सरमिसळ सिनेमांच्या बाबतीतही आहेच. 'दरवाजा' आणि 'बंद दरवाजा' यांत बारा वर्षांचं अंतर आहे, दुसरा पहिल्याचा पुढचा भाग नव्हे. 'पुराना मंदिर'मधला सामरी हा राक्षस इतका गाजला की पुढच्याच वर्षी 'सामरी' नावाचा थ्रीडी सिनेमा आला, राक्षस साकारणारा नट तोच. हा नट म्हणजे अनिरुद्ध अगरवाल, शिक्षणाने इंजिनिअर. काही सिनेमांत त्यांचं नाव अजय अगरवाल असं येतं, आणि त्यामुळे एकाच माणसाचे दोन नट करणारेही आहेत. शिवाय मोहन भाकरी यांचे 'खूनी महल', 'कब्रस्तान' हे त्याच काळातले, तशाच हवेलीतले, तशाच धुरातले. पण ते रामसेंचे नाहीत. राजकुमार कोहलींचा 'जानी दुश्मन' (1979) तर बड्या नटांनी भरलेला, तोही लोक बिनदिक्कत रामसेंच्या पदरात टाकतात.

राहिली पुढची पिढी. दिग्दर्शनात आलेला दीपक हा तुलसींचा मुलगा, वडिलांबरोबर काम केलेली साशा ही श्यामची मुलगी. 2006 च्या 'फॅमिली'त अमिताभ बच्चन आणि अक्षय कुमार यांच्यासोबत दिसलेला आर्यमन हा केशूंचा.