देव मानू नका, पण श्राद्ध तेवढं करा

मराठी घरात कुणी ‘माझा देवावर विश्वास नाही’ असं म्हटलं तर सहसा आभाळ कोसळत नाही. कॉलेजातल्या मुलानं म्हटलं तर ‘वय आहे, होईल नीट’ म्हणतात. काकांनी म्हटलं तर ‘त्यांचं वाचन फार’ म्हणून सोडून देतात. वाद पेटतो तो सत्यनारायणाला जोडीनं बसायला नकार दिल्यावर, मुलाची मुंज करायची नाही म्हटल्यावर, किंवा वडिलांच्या दहाव्याला घाटावर जायला नकार दिल्यावर. मत खपतं, वागणं खपत नाही. महाराष्ट्रातल्या नास्तिकतेचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास चाळला तर बहुतेक सगळी भांडणं या एकाच जागी येऊन अडलेली दिसतात.

मत खपवून घेण्याची सवय त्याहून जुनी आहे. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त पहिलं प्रकरण देव आणि परलोक न मानणाऱ्या चार्वाकाचं आहे. खंडन करण्यासाठी का होईना, त्याचं म्हणणं नीट मांडलंय. कर्ज काढून तूप पिण्याचा श्लोक सगळ्यांच्या तोंडी असतो, पण चार्वाकाचा जास्त बोचरा सवाल श्राद्धाबद्दलचा आहे. इथे वाढलेलं अन्न जर मेलेल्या माणसाला पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्यानं शिदोरी कशाला बांधून न्यावी? घरी कुणालातरी जेवू घातलं की झालं! तुकोबा तर वैतागून ‘माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल’ म्हणून गेले. ते नास्तिकाचं बोलणं नाही, रुसलेल्या भक्ताचं आहे. पण गाथेत ते राहिलं, कुणी खोडलं नाही.

इंग्रजी शिक्षण आल्यावर शंकेला वेगळी धार आली आणि पहिल्याच फेरीत तिची परीक्षा झाली. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी परमहंस सभा काढली. मूर्तिपूजा नको, जातिभेद नको, हे तिचं म्हणणं. सभा गुप्त होती. आत येणाऱ्याला ख्रिस्ती पाववाल्याच्या हातचा पाव खावा लागे. त्या काळात हे एवढं पुरेसं होतं, कारण तो एक तुकडा घशाखाली गेला की माणूस जातीबाहेर. सभासदांनी ठरवलं होतं, की संख्या वाढली की उघड व्हायचं. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभाच विरून गेली. तिच्यातल्या काही मंडळींनी पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभारण्यात भाग घेतला, पण तो एकेश्वरवादी, सौम्य, उपासना मानणारा. पाव गेला, प्रार्थना राहिली.

तीस वर्षांनी पुण्यात तेच नाटक पुन्हा झालं. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एक व्याख्यान झालं, नंतर चहाबिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कप पुढे ओढला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि शेवटी टिळकांनी आणि न्यायमूर्ती रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. रानड्यांवर त्यांचे सुधारक मित्र नाराज झाले. मला मात्र त्यांचा राग करवत नाही. ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, हे फक्त जेवणाच्या पंगतीतून उठवणं नव्हतं. भटजी मिळत नसे, सोयरीक जमत नसे, मयताला खांदेकरी येत नसत. ती शिक्षा एकट्या माणसाला नव्हती, घरातल्या बायकामुलांना होती.

या सगळ्या गोष्टी ज्यांना जात गमावण्याची भीती होती त्यांच्या. ज्यांना देवळात मुळात कुणी घेतच नव्हतं त्यांची शंका निराळ्या वाटेनं आली. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला. वेद फक्त आमचेच असं ब्राह्मण म्हणतात, म्हणजे आम्हाला धर्मपुस्तक नाही, म्हणजे आम्ही धर्मरहित, मग आमचा धर्म कोणता ते देवा तूच सांग, असा तिचा सवाल. यात मिल, स्पेन्सर असे इंग्रज तत्त्वज्ञ नाहीत. बंद दारासमोर उभं राहून केलेलं सरळ गणित आहे. स्वतः जोतीराव नास्तिक नव्हते, ‘निर्मीक’, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानत. पण सत्यशोधक समाजानं १८७३ पासून भटजीविना लग्नं लावायला सुरुवात केली. गावच्या जोशांना खुपलं ते हे. निर्मीकाच्या कल्पनेवर त्यांची दक्षिणा अवलंबून नव्हती.

आगरकरांपाशी थोडं थांबायला हवं. ते देव नाही असं ठासून सांगण्यापेक्षा ते आपल्याला कळणं शक्य नाही असं मानणाऱ्यांतले, अज्ञेयवादी. टेंभूच्या गरीब घरातला मुलगा, मिल आणि स्पेन्सर वाचून तयार झालेला, ‘केसरी’चा पहिला संपादक. १८८७ मध्ये तिथून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी ‘सुधारक’ काढला. ‘इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार’ हे त्यांचं वाक्य आज फलकांवर लिहितात. त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात किती जपून पाऊल टाकलंय याकडे फारसं कुणी पाहत नाही. बोलण्यावर मर्यादा नाही, करण्यावर मात्र ‘साध्य असेल ते’. ‘देवतोत्पत्ति’सारख्या निबंधात त्यांनी देवांची कल्पना माणसाच्या भीतीतून आणि अज्ञानातून कशी वाढली हे सांगितलं. पण घरात पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या आणि त्यांच्यावर त्यांनी आपलं मत लादलं नाही. याला काही लोक विसंगती म्हणतात. मला ते त्यांच्या विचारातलं सगळ्यात सुसंगत वागणं वाटतं. बुद्धीला पटल्याशिवाय काही स्वीकारू नये असं सांगणाऱ्यानं बायकोला हुकूम कसा सोडायचा? तरीही पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९५ मध्ये, चाळिशीही पुरी झाली नसताना, ते गेले.

या काळात कायदाही गमतीशीर वळणं घेत होता. १८५० च्या कायद्यानं धर्म किंवा जात सोडली म्हणून वारसाहक्क जाणार नाही, एवढं संरक्षण दिलं. १८७२ चा विशेष विवाह कायदा त्याहून विचित्र. त्याखाली नोंदणी लग्न करायचं तर वधूवरांना लिहून द्यावं लागे, की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती, ज्यू, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी काहीच नाही. म्हणजे देवभक्त माणसालाही जातीबाहेर लग्न करण्यासाठी कागदावर निधर्मी व्हावं लागे. १९२३ च्या दुरुस्तीनं हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपसात यातून मोकळीक मिळाली. सगळ्यांची सुटका १९५४ च्या कायद्यानं झाली. ब्रिटिश सरकारनं इतकी वर्षं घाऊक भावात कागदी नास्तिक तयार केले, हे फारसं कुणाला आठवत नाही.

विसाव्या शतकात बुद्धिवादाला मराठीत रीतसर घर मिळालं. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवत राहिले. संततिनियमनाबरोबर धर्माचीही चिरफाड करत राहिले आणि खटले झेलत राहिले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. वाईला वेगळंच काही शिजत होतं. प्राज्ञपाठशाळेत संस्कृत शास्त्रं शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मानवेंद्रनाथ रॉय यांच्या प्रभावाखाली आले. १९३३ मध्ये देवदास गांधी आणि लक्ष्मी यांच्या आंतरजातीय लग्नाचं पौरोहित्य त्यांनी केलं होतं आणि १९४१ मध्ये त्यांनी जडवादावर पुस्तक लिहिलं. तर्कतीर्थांचं शस्त्र परंपरेच्याच भात्यातलं होतं. त्यामुळे त्यांना ‘इंग्रजी शिकून बिघडलेला’ म्हणायची सोय उरली नाही.

वागणं आणि मत यांतलं अंतर सर्वात धडधडीतपणे मिटवलं ते नागपूरला, बौद्ध धम्मदीक्षेच्या दिवशी, १४ ऑक्टोबर १९५६ ला. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांत ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही हे पहिलंच आहे, पण पुढे श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, कोणतंही क्रियाकर्म ब्राह्मणाच्या हातून करवून घेणार नाही, हेही आहे. तत्त्वज्ञानाच्या भाषणात हे तपशील येत नाहीत. घरात काय करायचं आणि काय नाही, हे माहीत असलेल्या माणसानंच ते लिहिलेत. त्यानंतर वस्त्यावस्त्यांतून देव्हाऱ्यातले देव नदीत गेले. बौद्धांना नास्तिक म्हणावं का, हा वाद पंडितांनी घालावा. देव्हारे रिकामे झाले, ही गोष्ट वादाच्या पलीकडची आहे.

मृत्युपत्रं वाचली तर माणूस खरा काय मानत होता ते कळतं. सावरकरांना नास्तिक म्हणावं की अज्ञेयवादी यावर त्यांचे अनुयायीही एकमत नाहीत, पण १९६६ मध्ये त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना विद्युतदाहिनीत नेलं. मागे कर्मकांड नको, दुकानं बंद करू नका, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढणारे हमीद दलवाई १९७७ ला गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार दफन न करता दहन झालं. राजकारणात ही दोन माणसं एकमेकांपासून कोसो दूर. शेवटच्या प्रवासाबद्दल मात्र दोघांनी जवळपास एकच निरोप ठेवला.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आपल्या मुलाचं नाव दलवाईंवरून हमीद ठेवलं. १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन झाल्यापासून ते एक वाक्य अक्षरशः हजारो वेळा बोलले असतील: देवाधर्माला आमचा विरोध नाही, शोषणाला आहे. नट डॉ. श्रीराम लागूंना हे पटत नसे. परमेश्वराला आता निवृत्त करा, असं ते जाहीरपणे लिहीत आणि बोलत. दोघं गावोगाव एकाच मंचावर वाद-संवादाचा कार्यक्रम करत. लागू देव नाही म्हणून सुरुवात करत आणि दाभोलकर समितीची भूमिका मांडत. लागूंचं म्हणणं तर्काला धरून होतं, यात शंका नाही. पण दाभोलकरांना आगरकरांचं ‘साध्य असेल ते’ नीट कळलेलं होतं. जादूटोणाविरोधी कायद्याचा मसुदा वर्षानुवर्षं पडून राहिला, त्याचं नाव बदललं, कलमं गळाली. वारकरी संघटनांच्या आक्षेपांनंतर प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, भजन यांना कायदा लागू नाही असं त्यात स्पष्ट लिहावं लागलं. इतकं जपूनही २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. वटहुकूम त्याच महिन्यात निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्यांनी देहदानाचा संकल्प केला होता, पण शवविच्छेदनामुळे ते शक्य झालं नाही. साताऱ्याला कोणत्याही धार्मिक विधीविना दहन झालं आणि अग्नी मुलीनं दिला.

धर्माच्या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न कोर्टात गेला तोही मुंबईच्या. काही जण राजपत्रात ‘धर्म नाही’ अशी नोंद करायला गेले आणि शासकीय मुद्रणालयानं नकार दिला. विशेष म्हणजे हे अर्जदार येशूला मानणारे होते, फक्त कोणताही धर्म आपला नाही असं त्यांचं म्हणणं होतं. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला, की राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमातलं सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य म्हणजे आपला धर्म नाही असं सांगण्याचंही स्वातंत्र्य. सरकारला कुणावरही धर्म लिहिण्याची सक्ती करता येणार नाही.

२०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ३३ हजार लोकांची नोंद नास्तिक म्हणून झाली. त्यांत सर्वाधिक, साडेनऊ हजारांहून थोडे जास्त, महाराष्ट्रातले. आगरकर, कर्वे, दाभोलकरांच्या राज्यात एवढेच? पण जनगणना कशी होते ते आठवून बघा. प्रगणक दारात येतो आणि घरातलं एकच कुणीतरी सगळ्यांची माहिती सांगतं. आई सांगते, आजोबा सांगतात. घरातला नास्तिक त्या वेळी बहुधा ऑफिसात असतो.