रसविघ्न

नाट्य किंवा काव्य अनुभवताना प्रेक्षकाची जाणीव त्याच्या खाजगी व्यवहारात अडकवून ठेवणारे अडथळे. काश्मीरचे शैव आचार्य अभिनवगुप्त (सु. ९५०–१०२०) यांनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायावरील अभिनवभारती टीकेत अशी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांच्या मते निर्विघ्न प्रतीती हाच ‘चमत्कार’ (तल्लीन, तृप्त आस्वाद) होय.

अभिनवभारतीची हस्तलिखिते भ्रष्ट आहेत. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत तिचा पहिला खंड १९२६ मध्ये निघाला, तरी अनेक स्थळे दुर्बोधच राहिली. रससूत्रावरील, म्हणजे रस कसा निष्पन्न होतो हे सांगणाऱ्या भरताच्या सूत्रावरील, भाग त्यामानाने नीट लागतो, कारण बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या काव्यानुशासनावरील ‘विवेक’ या टीकेत तो बहुतांशी जसाच्या तसा उतरवून घेतला. साधारणीकरणाची (भाव कुणा एकाचे न राहता सर्वसामान्य होण्याची) कल्पना भट्टनायक या आधीच्या आचार्याची. त्याचा ग्रंथ लुप्त असल्याने विघ्नविचारातही त्याचा वाटा किती, याविषयी मतभेद संभवतात. मात्र चमत्कार, विश्रांती ही परिभाषा उत्पलदेवाच्या प्रत्यभिज्ञा या काश्मिरी शैव दर्शनाच्या परंपरेशी जुळते. त्यामुळे ही मांडणी मुख्यतः अभिनवगुप्तांची मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

पहिले विघ्न संभावनाविरह. घटना शक्यच वाटली नाही, तर मन तिच्यात स्थिरावत नाही. समुद्रोल्लंघनासारख्या लोकोत्तर कृत्यांसाठी रामादी प्रख्यात नायक घ्यायचे, ते त्यांच्याविषयीचा विश्वास आधीच रुजलेला असतो म्हणून.

दुसरे विघ्न सर्वांत खोलवरचे : सुखदुःख ‘माझे’ किंवा ‘त्याचे’ असे ठरून जाणे. ते आपले वाटले, तर सुख गमावण्याचे भय, ते राखण्याची धडपड, तसेच आणखी मिळवण्याची वा ते लपवण्याची इच्छा जागी होते. परक्याचे वाटले, तर आनंद, शोक किंवा उदासीनता असे दुसरेच विकार उठतात. उपाय रंगभूमीच्या रचनेतच आहे. पूर्वरंग (नाटकाआधीचा विधी) न लपवता दाखवायचा, प्रस्तावनेत नट नट म्हणून ओळखू द्यायचा आणि मग मुकुटादी वेषाने त्याला झाकायचे. नटाचा देशकाल आणि पात्राचा देशकाल एकमेकांना बाधित करतात. ‘याचेच, इथेच, आत्ताच’ हा निश्चय टिकत नाही. पूर्वरंग केवळ मंगलाचरण समजून गाळला, तर ही प्रक्रियाच मोडते.

तिसरे विघ्न प्रेक्षकाच्या स्वतःच्या सुखदुःखाचे. त्यावर गायन, वाद्ये, सजवलेला मंडप हे उपाय असून त्यांनी अरसिकही सहृदय (रसिक) होतो, असे अभिनवगुप्त म्हणतात. चौथे व पाचवे (प्रतीतीच्या साधनांची उणीव, स्फुटत्वाचा अभाव) अभिनयाने, तसेच लोकधर्मी (लोकव्यवहाराला धरून असलेली शैली), वृत्ती (नाट्यव्यापाराचे प्रकार) व प्रवृत्तींनी (प्रदेशपरत्वे वेष-भाषा-आचार) दूर होतात. सहावे अप्रधानता : गौण गोष्टीवर मन विसावत नाही, म्हणून रती, शोक यांसारख्या स्थायी (मूळ, टिकाऊ) भावाला प्राधान्य.

सातवे संशययोग. अश्रू आनंदानेही येतात, नेत्ररोगानेही. वाघ दिसला तर भय वाटेल किंवा क्रोधही येईल. एकटे चिन्ह अनिश्चित असते. बंधुनाश हा विभाव (भावाचे कारण), विलाप व अश्रू हे अनुभाव (भावाची बाह्य चिन्हे), चिंता व दैन्य हे व्यभिचारी (सोबतचे, येणारे-जाणारे) भाव एकत्र आले की शोकच निश्चित होतो. रससूत्रातील ‘संयोग’ या शब्दाचे प्रयोजन इथे आहे.

विघ्ने गेल्यावर प्रेक्षकात नेमका कोणता पालट होतो? अभिनवगुप्तांच्याच तंत्रालोक या शैव ग्रंथाच्या तिसऱ्या आह्निकात (प्रकरणात) मधुर गीताने किंवा चंदनाच्या स्पर्शाने तटस्थता गळून हृदयात उठणाऱ्या स्पंदाला आनंदशक्ती म्हटले आहे आणि त्यावरूनच माणसाला सहृदय म्हणतात, असे सांगितले आहे. पुढे साहित्यदर्पणकार विश्वनाथाने रसास्वादाला ‘ब्रह्मास्वादसहोदर’ (ब्रह्मानंदाचा भाऊ) म्हटले. त्यावरून दोन्ही एकच मानण्याचा प्रघात पडला, पण अभिनवगुप्त भेद राखतात : योगी पुरुषाचा अनुभव विषयांच्या रंगापासून मुक्त, म्हणून त्यात सौंदर्य नाही, रसास्वाद विभावादी असेतोवरच टिकतो. प्रयोगानंतर संस्कार उरतो आणि तो शुभाकडे वळवतो, इतकेच ते म्हणतात. या संस्काराच्या पुढील वाटचालीविषयी संस्कृत ग्रंथांत विवेचन त्रोटक आहे.

मराठीत न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे साहित्यसंमेलनात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. पात्राशी तादात्म्य होऊनही स्वतःचे भान राहते, ही तिची धारणा दुसऱ्या विघ्नाच्या विवेचनाजवळ येते. तथापि केळकरांत दोन भाने एकत्र नांदतात, तर अभिनवगुप्तांकडे दोन्ही मर्यादित भाने विरतात.